साहेबांची पाच मिनिटं

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये कटिंग टूल विकणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

"साहेब बिझी आहेत" हे गेटवरचं उत्तर बहुतेक वेळा खरंच असतं. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तेव्हा प्लांट हेडकडे जाऊच नका. सकाळी शिफ्ट सुरू झाल्या झाल्याही नको. इथल्या अनेक कारखान्यांना सुट्टी रविवारी नाही, शनिवारी असते. बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं आणि फेरी फुकट जाते.

भेट मिळाली की कंपनीचा इतिहास सांगत बसू नका. समजा, सध्याच्या इन्सर्टवर 200 नग निघतात आणि तुमच्यावर 260 निघणार आहेत. मग एकाच कागदावर हिशेब मांडा: नगामागे खर्च किती, टूल बदलण्यातली किती मिनिटं वाचली. आकडा चाचणीतूनच आलेला हवा. फुगवलेला आकडा पहिल्याच शिफ्टला उघडा पडतो, आणि मग ते गेट कायमचं बंद!

परवानगी मिळाली तर आधी मशीनवरच्या ऑपरेटरदादांशी बोला. खरी अडचण त्यांनाच ठाऊक असते, साहेबही शेवटी त्यांनाच विचारतात.

निमा, आयमा या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांत फक्त ओळख करून घ्या, तिथे कॅटलॉग उघडू नका.

पाच मिनिटं मागितली असतील तर चौथ्या मिनिटाला वही मिटा आणि विचारा, "साहेब, ट्रायल कोणत्या मशीनवर लावू?"