ऐतिहासिक यॉटचं तैलचित्र: सगळा खेळ पाण्याच्या रेषेचा!

टायटॅनिकमधून बचावलेले अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांनी १ जून १९४० रोजी आपली ‘सनडाउनर’ ही मोटर यॉट फ्रान्समधल्या डंकर्कला नेली. जर्मन फौजांनी कोंडलेले सुमारे १३० सैनिक त्यांनी इंग्लंडला सुखरूप आणले.

अशा बोटीचं तैलचित्र काढताना आधी ठरवायचं, क्षण कोणता? माणसं भरली की बोट पाण्यात खोल बसते. त्यामुळे रिकाम्या बोटीचा फोटो पाहून सुटकेचं चित्र काढलं, तर पाण्याची रेषा चुकते.

मग रंगांचे थर. खालचे टर्पेंटाइनने पातळ केलेले, वरचे जास्त तेलाचे. क्रम उलटला, तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे त्याला तडे जातात.