पगार मिठाचा नव्हता

'सॅलरी' या शब्दाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात, त्यावरून 'सालारियम' आणि पुढे सॅलरी. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या भाषेला ती चटकन पटतेही. सालारियम हा शब्द 'साल'वरून आला, इतपत खरे. पण सैनिकांच्या पदरात मीठ घालत, असे सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने मीठ, लष्करी सेवा आणि सालारियम यांचा ओझरता संबंध जोडला. बाकीचे तपशील नंतरच्यांनी भरले. सैनिकांचे वेतन नाण्यांत मोजले जाई आणि त्याला 'स्टिपेंडियम' म्हणत. सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनारियस मिळत. हाच दिनारियस व्यापाराच्या वाटेने पूर्वेकडे आला आणि संस्कृतात 'दीनार' झाला.

मग आपला 'पगार' कुठला? लॅटिन मुळाचे शब्द मराठीत इंग्रजीतूनच आले, असे अनेकांना वाटते. पण १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, पुढे वसई-मुंबईकडेही त्यांचा अंमल बसला, आणि त्यांचे शब्द इंग्रजांच्या आधी आपल्या घरात शिरले. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद आहे: पैसे देणे, चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. ज्याचे देणे आहे त्याला देऊन शांत करायचे, यातून पैसे फेडण्याचा अर्थ आला. तोच पाकारे फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन 'पे' झाला. म्हणजे पे आणि पगार एकाच आजीची नातवंडे. 'मागिस्टर' या लॅटिन शब्दाचा इंग्रजीत मास्टर झाला, इटालियनमध्ये माएस्त्रो झाला आणि पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे मेस्त्री झाला. लॅटिन 'क्लाविस'ची पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह' आणि मराठीत चावी झाली. गळ्याखालच्या हाडाला डॉक्टर क्लॅव्हिकल म्हणतात, तेही याच क्लाविसचे लघुरूप: छोटी चावी.

इंग्रजीत लॅटिन शब्द इतके दिसतात की ती लॅटिनचीच लेक वाटते. ती जर्मॅनिक कुळातली आहे. आई, पाणी, भाकरी, जाणे-येणे यांचे तिचे शब्द त्या कुळातले. लॅटिनचा मोठा लोंढा १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आला, आणि पुढे विद्वानांनी थेट ग्रंथांतून शब्द उचलले.

इथूनच सर्वांत त्रासदायक गैरसमज निघतो: इंग्रजीतला लॅटिन शब्द माहीत असला की फ्रेंच-स्पॅनिशमधला अर्थ आपोआप कळेल. बऱ्याचदा कळतोही, म्हणून तर फसगत होते. इंग्रजी 'ॲक्चुअली' म्हणजे प्रत्यक्षात. स्पॅनिश 'आक्तुआलमेंते' म्हणजे सध्या. इंग्रजी 'सेन्सिबल' माणूस शहाणा असतो, फ्रेंच 'साँसिब्ल' माणूस हळवा. लॅटिन 'कोन्स्तिपारे' म्हणजे दाबून गच्च भरणे. त्यावरून इंग्रजीत पोट तुंबले, तर स्पेन आणि पोर्तुगालमध्ये नाक. तिथला 'कोन्स्तिपादो' माणूस सर्दीने बेजार असतो. त्याला इसबगोल देऊन उपयोग नाही.

इंग्रजी बाजूला ठेवली तरी फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या लॅटिनच्या खऱ्या लेकी, आणि या बहिणी-बहिणींतही तोच प्रकार आहे. 'सालिरे' म्हणजे लॅटिनमध्ये उडी मारणे. इटालियनमध्ये ते वर चढणे झाले, स्पॅनिशमध्ये बाहेर पडणे. 'एक्सक्विसितुस' म्हणजे निवडून, शोधून आणलेले. स्पॅनिश जेवण 'एक्सकिसितो' असेल तर लाजवाब, पण पोर्तुगीज 'एश्किझितू' म्हणजे विचित्र. आपल्याला यात नवल वाटायला नको. संस्कृतातली 'चेष्टा' म्हणजे हालचाल, बंगालीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा. बंगाली माणसाने चेष्टा केली म्हणून आपण रागावत नाही; मग स्पॅनिश अर्थाला इंग्रजीचा बिघडलेला अवतार का समजावे? प्रत्येक भाषेने वारशाचे आपापले काहीतरी केले आहे, आणि ते समजून घेण्यातच मला या अभ्यासाचा खरा आनंद वाटतो.

'मूळ अर्थ तोच खरा अर्थ' हेही टिकत नाही. लॅटिन 'तेस्ता' म्हणजे मातीचे भांडे, खापर. बोलीत डोक्याला तेस्ता म्हणू लागले, आणि तेच इटालियन 'तेस्ता' व फ्रेंच 'तेत', म्हणजे डोके. पोर्तुगीजमध्ये तेवढे फक्त कपाळ उरले. आज रोममध्ये कुणी तेस्ता दुखते म्हणाले तर मडके आठवून काय करणार?

उरला दिसण्यावरून नाते जोडण्याचा मोह. लॅटिन 'दिएस' म्हणजे दिवस, इंग्रजीत 'डे'. पण या दोघांचे नाते नाही. दिएसचे नाते आहे मराठी 'दिवस'शी. म्हणून लॅटिन संस्कृतातून निघाली असेही नव्हे. १७८६ मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्सने मांडले ते असे, की दोघी एकाच, कदाचित लोप पावलेल्या मूळ भाषेतून आल्या असाव्यात. लॅटिन 'हाबेरे' आणि इंग्रजी 'हॅव' यांचे तर रूपही जुळते, अर्थही. तरी ते परके आहेत, कारण लॅटिनच्या शब्दारंभीच्या 'क'ला इंग्रजीत 'ह' येतो: 'कोर्नू' म्हणजे शिंग, इंग्रजीत हॉर्न, 'केंतुम' म्हणजे शंभर, इंग्रजीत हंड्रेड. त्या हिशेबाने हॅवचे लॅटिन भावंड शोधायचे तर ते 'क'ने सुरू व्हायला हवे. ते आहेही: 'कापेरे', म्हणजे पकडणे, हातात घेणे.