दोन डगरींवरचा प्लेअर

२००७च्या जानेवारीत लास व्हेगासला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं वार्षिक प्रदर्शन भरलं. सीईएस या नावाने ते जगभर ओळखलं जातं. त्या एकाच आठवड्यात तिथे दोन गोष्टी जाहीर झाल्या. एलजीने ‘बीएच१००’ नावाचा प्लेअर मांडला. त्यात उच्च दर्जाच्या चित्राच्या दोन प्रतिस्पर्धी डिस्कपैकी कोणतीही, ब्लू-रे घाला नाहीतर एचडी डीव्हीडी घाला, सिनेमा चालणार. वॉर्नर ब्रदर्सने ‘टोटल हाय डेफ’ नावाची डिस्क जाहीर केली. तिच्या एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी. घरात कोणताही प्लेअर असो, योग्य बाजू खाली करून डिस्क घातली की झालं. ग्राहकाने कोणता पक्ष धरायचा, या प्रश्नाने वर्षभर दुकानदारही बेजार होते, त्यामुळे आता तोडगा निघाला असं पुष्कळांना मनापासून वाटलं. १३ महिन्यांनी या दोन पद्धतींचं भांडण खरोखरच मिटलं. पण मिटवण्यात या डिस्कचा हात नव्हता, आणि प्लेअरचाही नव्हता. असं का झालं, हे आज शांतपणे बघण्यासारखं आहे.

भांडणाचं मूळ अर्ध्या मिलिमीटरचं होतं. दोन्ही पद्धतींत लेसर एकच, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर जांभळा. फरक होता तो माहितीचा थर डिस्कच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे, यात. फेब्रुवारी २००२मध्ये सोनी, मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक), फिलिप्स, पायोनियर आदी ९ कंपन्यांनी मिळून जाहीर केलेल्या ब्लू-रेमध्ये हा थर ०.१ मिलिमीटरवर होता. तोशिबा आणि एनईसी यांनी पुढे आणलेल्या एचडी डीव्हीडीत तो जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटरवर राहिला. थर वर असल्यामुळे ब्लू-रेला जास्त ताकदीची भिंगं वापरता आली आणि एका थरात २५ जीबी मावले. एचडी डीव्हीडीत १५ जीबीच मावत. त्या बदल्यात एचडी डीव्हीडीला डीव्हीडीच्या कारखान्यांतली यंत्रं थोड्या फेरफाराने चालत होती. ब्लू-रेचा इतका वरचा थर ओरखड्यांना सहज बळी पडे. म्हणून सुरुवातीला ती डिस्क काडतुसासारख्या खोक्यात ठेवावी लागायची. टीडीकेने तिच्यावर कठीण लेप बसवला आणि मग ते खोकं गेलं. २००५मध्ये दोन्ही गट एकाच पद्धतीवर येण्यासाठी बोलणी करत होते. ती या थराच्या खोलीपाशीच अडली आणि तुटली.

प्रेक्षकाच्या बाजूने पाहिलं तर निवडीला काही आधारच नव्हता. चित्र दाबून साठवण्याच्या रीती दोन्हीकडे त्याच होत्या : एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४. पडद्यावर १०८०पीचं चित्र दोन्हीकडून सारखंच सुंदर यायचं. निवड करायची ती सिनेमाच्या कंपन्या बघून. सोनी पिक्चर्स, डिस्ने, फॉक्स ब्लू-रेवर. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीवर. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हीकडे. म्हणजे एक प्लेअर घेतला की आवडीच्या सिनेमांचा एक मोठा गठ्ठा हातचा गेला. दोन्ही चालवणाऱ्या यंत्राची गरज इथूनच निर्माण झाली आणि ती खरी गरज होती.

पण असं यंत्र बनवणं कागदावर वाटतं तितकं सोपं नव्हतं. लेसर एकच असला तरी ०.१ मिलिमीटरवर आणि ०.६ मिलिमीटरवर नेमका ठिपका पाडायला भिंगाची रचना वेगवेगळी लागते. त्यात जुनी डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर हवा आणि सीडी वाचायला ७८०चा. एका छोट्याशा हेडमध्ये हा सगळा संसार मांडायचा. दुसरी अडचण मेनूची. ब्लू-रेचे मेनू जावावर चालायचे आणि एचडी डीव्हीडीचे मायक्रोसॉफ्टच्या एचडीआय या प्रणालीवर. एलजीच्या पहिल्या प्लेअरला एचडीआय जमलंच नाही. सिनेमा लागायचा, पण एचडी डीव्हीडीचे मूळ मेनू आणि त्यातल्या खास सोयी मिळायच्या नाहीत. म्हणून त्या प्लेअरवर एचडी डीव्हीडीचं अधिकृत चिन्हही लावता आलं नाही. साधी गाण्याची सीडीही तो वाजवत नव्हता. १,१९९ डॉलर मोजणाऱ्याला दोन्ही जगं हवी असतात. त्याला एक पूर्ण आणि एक अर्धं मिळालं. एलजीने २००७च्या शेवटच्या तिमाहीत ‘बीएच२००’ आणून ही उणीव भरून काढली आणि किंमत ९९९ डॉलरवर आणली. सॅमसंगचा ‘बीडी-यूपी५०००’ वर्ष संपता संपता बाजारात आला.

तोवर भाव कुठल्या कुठे गेले होते. २ नोव्हेंबर २००७ या तारखेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण सगळं प्रकरण त्या एका दिवसात दिसतं. त्या दिवशी अमेरिकेत वॉलमार्टने तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटना विकला. त्याच दिवशी सोनीचा ब्लू-रे चालवणारा प्लेस्टेशन ३ हा ३९९ डॉलरच्या नव्या रूपात दुकानात आला. दोन्ही घरी आणले तरी ५०० डॉलरच्या आत भागत होतं, आणि वर गेम खेळायला मिळत होते. मग दोन्ही चालवणाऱ्या एका पेटीसाठी दुप्पट पैसे कोणी का द्यावेत? दुहेरी यंत्राची किंमत दोन एकेरी यंत्रांच्या बेरजेहून कमी असली तरच त्याला बाजारात जागा असते. या युद्धात दोन्ही पक्ष तोटा सोसून आपापली यंत्रं विकत होते. दुहेरी यंत्र विकणाऱ्याला तसा तोटा सोसण्याचं कारणच नव्हतं, कारण कोणतीही पद्धत जिंकली तरी त्याचं यंत्र चालणारच होतं.

पैशाहून खोल असा एक पेच यात होता आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. दुहेरी डिस्क आणि दुहेरी प्लेअर एकाच रोगावरचे दोन उपाय होते, पण एक लागू पडला की दुसऱ्याचं प्रयोजन संपायचं. घरोघरी दुहेरी प्लेअर आले तर महागडी दुहेरी डिस्क कशाला छापायची? सगळे सिनेमे दुहेरी डिस्कवर आले तर दुहेरी प्लेअर कोण घेणार? त्यामुळे दोघांचंही गिऱ्हाईक दुसऱ्याच्या यशाची वाट बघत थांबायचं.

दोन्ही उपाय दोन्ही पक्षांच्या हट्टाला बळ देणारे होते, हेही नजरेआड करता येत नाही. दुहेरी प्लेअर वाढले की सिनेमा कंपनीला एका पक्षाशी बांधून घ्यायची भीती उरत नाही. प्रेक्षक कसाही पोचेल, मग जिथे जास्त पैसे मिळतील तिथे जावं. ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन फक्त एचडी डीव्हीडीकडे गेले आणि त्यासाठी त्यांना सुमारे १५ कोटी डॉलरचे लाभ मिळाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. दुहेरी प्लेअरमुळे ते गेले असं म्हणणं धाडसाचं होईल, पण तशी यंत्रं बाजारात आहेत म्हणून कोणी थांबलं नाही, एवढं नक्की. दुहेरी डिस्कचा परिणाम असाच, फक्त उलट बाजूने होतो. कोणताही प्लेअर घेतला तरी चालतं म्हटल्यावर यंत्रं बनवणाऱ्यांना माघार घ्यायचं कारण उरत नाही. पूल बांधला की दोन्ही काठांवरची गावं आपापल्या जागी राहतात.

वॉर्नरच्या डिस्कचं पुढे काय झालं? ती २००७मध्ये यायची होती. मग २००८च्या सुरुवातीला येणार असं ठरलं. नोव्हेंबर २००७मध्ये तो बेत गुंडाळल्याच्या बातम्या आल्या. दुसरी एकही सिनेमा कंपनी तिच्यात सामील झाली नव्हती. एकाच डिस्कमध्ये दोन तऱ्हेची छपाई करायची, दोन्ही गटांचा परवाना घ्यायचा, आणि दोन्ही बाजू वाचनाच्या असल्यामुळे सिनेमाचं चित्र छापायला जागाच नाही, मधल्या कड्यावर बारीक अक्षरांत नाव. जी कंपनी दोन्ही पक्षांना सांभाळू पाहत होती, तिनेच मग निकाल लावला. ४ जानेवारी २००८ रोजी, पुढच्या सीईएसच्या तोंडावर, वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. एचडी डीव्हीडी गटाने त्या प्रदर्शनातली आपली पत्रकार परिषद रद्द केली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट एकेक करून ब्लू-रेकडे झुकले. १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं सांगितलं. तोवर जगात सुमारे १० लाख एचडी डीव्हीडी यंत्रं विकली गेली होती. प्लेस्टेशन ३ची संख्या १ कोटीच्या पुढे होती. गेम खेळण्यासाठी घेतलेल्या यंत्राने सिनेमाच्या डिस्कचं भवितव्य ठरवलं.

दुहेरी यंत्राने भांडण मिटतच नाही, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. पाचच वर्षं आधी नेमकं उलट घडलं होतं. कोऱ्या डीव्हीडीवर लिहिण्याच्या दोन पद्धती होत्या, डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर. दुकानात वजा की अधिक, हे विचारून डिस्क घ्यावी लागे आणि चुकीची घेतली तर ती ड्राइव्हमध्ये उपयोगाची नसे. २००२मध्ये सोनीने ‘डीआरयू-५००ए’ हा ड्राइव्ह आणला. तो दोन्ही वाचायचा आणि दोन्हींवर लिहायचा. बघता बघता सगळ्यांचेच ड्राइव्ह तसे झाले आणि तो वाद लोकांच्या आठवणीतूनही गेला. तिथे हे का जमलं? लेसर तोच, थराची खोली तीच, भिंग तेच. फरक होता तो डिस्कवर जागा कशी ओळखायची याच्या खुणांचा. तो इलेक्ट्रॉनिक्सने निस्तरता आला आणि त्याचा खर्च नगण्य होता. शिवाय डिस्क कोरी होती. कोऱ्या डिस्कमागे हट्ट धरणारी सिनेमा कंपनी नसते.

आवाजाच्या क्षेत्रात तिसराच प्रकार झाला. १९९९मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली, २०००मध्ये डीव्हीडी-ऑडिओ. दोन्ही वाजवणारे ‘युनिव्हर्सल’ प्लेअर चांगले निघाले. सुपर ऑडिओ सीडीच्या हायब्रिड डिस्कमध्ये साध्या सीडीचाही थर असे. २००२मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडचे जुने अल्बम तशा डिस्कवर निघाले आणि साध्या सीडीचे प्लेअर असणाऱ्यांनीही ते घेतले. पुढे एका बाजूला सीडी, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी अशी ड्युअलडिस्कही आली. तिची सीडीची बाजू मूळ नियमांत बसत नसल्याने तिच्यावर सीडीचं चिन्ह छापता येत नव्हतं. यंत्र दोन्हींना सामावून घेत होतं. पण लोक तोवर एमपी३कडे वळले होते.

आपल्याकडे या एचडीच्या युद्धाचा फारसा आवाज पोचला नाही, कारण आपण तेव्हा व्हीसीडी आणि डीव्हीडीच्या सोबतीत रमलो होतो. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या डीव्हीडी प्लेअरवर व्हीसीडी, एमपी३ सगळं चालायचं. त्याचा परिणाम असा की व्हीसीडीला दीर्घ आयुष्य मिळालं. एक सिनेमा दोन-तीन डिस्कमध्ये, मध्येच उठून डिस्क बदलायची, चित्र धूसर. तरी ती टिकली, कारण नव्या यंत्राने तिला दार बंद केलं नाही. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. फरक ६ रुपयांचा, प्लेअर एकच. तिथे स्पर्धा यंत्राची राहिलीच नव्हती. जुन्याला सांभाळणारं यंत्र नव्याचा प्रवेश सोपा करतं आणि जुन्याची निवृत्ती लांबवतं. आपल्या लोकांच्या खिशाचा विचार करता ते चांगलंच झालं, असं मी मानतो.

एचडी डीव्हीडी बंद पडल्यावर त्या दुहेरी प्लेअरना खरा अर्थ आला, आणि तो त्यांच्या निर्मात्यांच्या मनात नव्हता. ज्यांच्या कपाटात एचडी डीव्हीडीच्या डिस्क होत्या, त्यांच्यासाठी एलजीचे आणि सॅमसंगचे ते प्लेअर नव्या-जुन्या दोन्ही डिस्क एकाच पेटीत लावण्याची सोय ठरले. २००९मध्ये वॉर्नरने आपल्या एचडी डीव्हीडीचं मूळ मुखपृष्ठ पाठवून ४ डॉलर ९५ सेंटमध्ये, टपालखर्च वेगळा, तोच सिनेमा ब्लू-रेवर घेण्याची योजना काढली. पुढे वॉर्नरच्या पुष्कळ एचडी डीव्हीडी आतून खराब होऊन वाचेनाशा झाल्याचं संग्राहकांच्या लक्षात आलं. तोशिबानेही २००९मध्येच ब्लू-रे प्लेअर बाजारात आणला.

व्हीएचएस या जुन्या व्हिडिओ कॅसेटलाही असाच दुहेरी यंत्रांचा आधार मिळाला. एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी अशा जोडयंत्रांनी ती शेवटची वर्षं तगली. व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी फुनाई. २०१५मध्ये तिने ७,५०,००० यंत्रं विकली, आणि सुटे भाग मिळेनात म्हणून जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. त्यानंतर नवा व्हीसीआर बनलेला नाही. आता आहेत ते जुने, रबर सैल झालेले, हेड झिजलेले. दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत.

तुमच्या घरात माळ्यावर लग्नाची, मुंजीची, आजी-आजोबांच्या आठवणींची व्हिडिओ कॅसेट असेल, तर ती या महिन्यात खाली काढा. चालू व्हीसीआर असलेला माणूस शोधा आणि ती उतरवून घ्या. बुरशी लागलेली दिसली तर आधी साफ करून घ्या; तशीच यंत्रात घालू नका.