फोनला दिसणारी वेस

अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाची दोन शहरं आहेत, एकमेकांना अगदी खेटून. एक मिझुरी राज्यात, दुसरं कॅन्सस राज्यात. दोन राज्यांच्या शिवेवरूनच काही मैल एक रस्ता जातो. त्याचं नाव स्टेट लाइन रोड. दोन्ही बाजूंना तशीच झाडं, तशीच घरं, तशीच हिरवळ. ओलांडताना ना चौकी लागते, ना फाटक.

समजा, नोव्हेंबर 2025 मधला एखादा रविवार आहे. तुम्ही या रस्त्याच्या पूर्वेच्या, म्हणजे मिझुरीच्या फुटपाथवर उभे आहात. थोड्या वेळात चीफ्स या फुटबॉल संघाचा सामना आहे आणि तुम्हाला त्यांच्यावर दहा डॉलर लावायचेत. फोन काढता, बेटिंगचं अ‍ॅप उघडता, बोट टेकवता. अ‍ॅप म्हणतं, इथून नाही. मग तुम्ही गाड्या बघून रस्ता ओलांडता, समोरच्या गल्लीत थोडं आत चालत जाता आणि पुन्हा बोट टेकवता. पैज लागली!

माणूस तोच, फोन तोच, पैसे तेच, सामना तोच. मग मधल्या दोन मिनिटांत बदललं काय?

बदललं राज्य. आणि गंमत अशी की चीफ्सचं घरचं मैदान आहे मिझुरीतच. म्हणजे ज्या राज्यात सामना रंगतो तिथे तेव्हा पैज लावणं गुन्हा आणि शेजारच्या राज्यात तो राजरोस धंदा! वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि नदीपलीकडच्या यवतमाळात नाही, हे आपल्याला माहीत आहेच. पण तिथे वेशीवर अडवायला माणूस लागतो. इथे नाकेवाला तुमच्याच खिशात बसलेला असतो.

हा नाकेवाला आला कुठून? 1961 साली अमेरिकेनं 'वायर अ‍ॅक्ट' नावाचा कायदा केला. टोळ्यांचे बुकी तेव्हा टेलिफोनवरून देशभर सट्टा चालवत. कायद्यानं बजावलं, की या धंद्यासाठी तारेवरून राज्याची हद्द ओलांडायची नाही. मोबाइल तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता, पण तो कायदा आज प्रत्येक बेटिंग अ‍ॅपच्या मानगुटीवर बसलाय. पैज लावणारा आणि पैज घेणारा, दोघंही कायद्याच्या एकाच अंगणात हवेत. म्हणून अनेक राज्यांत पैज घेणारा सर्व्हरसुद्धा त्या राज्याच्या जमिनीवरच ठेवावा लागतो.

1992 मध्ये दुसरा कायदा आला. त्यानं नेवाडासारखे थोडे अपवाद सोडून बाकी राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला मान्यता द्यायलाच मनाई केली. न्यू जर्सी त्याविरुद्ध झगडत राहिलं आणि 14 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकलं. न्यायालयानं सट्टा चांगला की वाईट हे सांगितलंच नाही. केंद्र स्वतः कायदा करू शकतं, पण राज्याच्या विधिमंडळाला 'तू अमुक कायदा करू नकोस' असं फर्मान सोडू शकत नाही, एवढाच तो निकाल. देशभरचं कुलूप निघालं ते खेळाच्या नव्हे, तर राज्यांच्या अधिकाराच्या किल्लीनं.

पण कुलूप निघालं म्हणून प्रत्येक घराचं दार आपोआप थोडंच उघडतं? 2020 मध्ये पूर्वेकडच्या इलिनॉयनं धंदा सुरू केला, 1 सप्टेंबर 2022 ला पश्चिमेकडच्या कॅन्ससनं. मिझुरीत मात्र विधेयकं दर वर्षी यायची आणि सिनेटमध्ये अडकायची. डेनी हॉस्किन्स या सिनेटरचा आग्रह होता की लॉटरीच्या व्हिडिओ मशीननाही सोबतच मान्यता द्या. शेवटी राज्यातल्या मोठ्या संघांनीच प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. नोव्हेंबर 2024 मध्ये सुमारे 30 लाख मतं पडली आणि फरक निघाला 3,000 पेक्षाही कमी. हजारात जेमतेम एक मत!

जिंकल्यावरही थांबणं होतंच. मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीनं सट्टा सुरू करायला मुदत दिली होती 1 डिसेंबर 2025 ची. नियामक आयोगाला तातडीचे नियम करून लवकर सुरुवात करायची होती. ते नियम फेटाळले राज्याच्या सचिवांनी. आणि सचिव कोण? निवडून आलेले तेच डेनी हॉस्किन्स! म्हणून तुम्ही नोव्हेंबरात अजून रस्ता ओलांडताय.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फोनला कसं कळलं, की तुम्ही रस्ता ओलांडलात?

डोक्यावर सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरतायत. तुम्ही कोण, कुठे, याचा त्यांना पत्ता नाही. ते फक्त सतत सांगत असतात, 'मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत.' ती हाक फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. हाक किती उशिरा आली यावरून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी. मग चौथा कशाला लागतो? कारण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्याची चूक किती, ते चौथा उपग्रह सांगतो.

खरी कमाल पुढेच आहे. आइनस्टाइननं सांगितलं होतं की गुरुत्वाकर्षण कमी तिथे काळ जलद चालतो आणि वेगानं धावणाऱ्याचा सावकाश. दोन्हींची वजाबाकी केली की उपग्रहातलं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा रोज 38 मायक्रोसेकंद पुढे जातं. एवढ्याशा वेळात प्रकाश अकरा किलोमीटर जातो! ही चूक आधीच दुरुस्त केलेली नसती, तर फोननं मोजलेलं प्रत्येक उपग्रहाचं अंतर दिवसभरात तेवढ्यानं चुकलं असतं. दहा डॉलरच्या पैजेला सापेक्षतावाद पहारा देतोय.

आणि घरात, छताखाली? तिथे उपग्रहाची हाक क्षीण होते. मग फोन आजूबाजूच्या वाय-फाय राउटरांकडे कान लावतो. त्यांना जोडला जात नाही, फक्त कोणकोण आहेत ते टिपतो. कुठल्या घरातून कसली फोडणी येतेय यावरून गल्ली ओळखावी, तसं. शेजारणीचा राउटर तिच्या नकळत साक्ष देतो, की हा गडी मिझुरीतच आहे. शिवाय खोटी जागा दाखवणारं अ‍ॅप चालू आहे का, दुसऱ्याच गावातून कोणी हा फोन हाताळतंय का, हेही तपासलं जातं.

पण मघाशी रस्ता ओलांडून गल्लीत आत का जावं लागलं? कारण फोन कधीच 'मी नेमका इथे आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'मी इथेच, या वर्तुळात कुठेतरी आहे.' त्या वर्तुळाची कडा जरी शिवेला शिवली, तरी पैज नाकारली जाते. आणि वेशीजवळच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारलं जातं, कारण गाडीतला माणूस मिनिटात पलीकडे जाऊ शकतो.

बांधावरून पिढ्यान्पिढ्या भांडणाऱ्या आपल्या गावांना ही काटेकोर मोजणी बघून हेवा वाटेल. ही शीव मुळात आखली कशी? 1820 मध्ये मिझुरीला राज्य करायचं ठरलं, तेव्हा कायद्यात लिहिलं गेलं की कॅन्सस नदी मिझुरी नदीला मिळते त्या मुखाच्या मधोमध जाणारं रेखावृत्त, तीच पश्चिमेची हद्द. मग मोजणीदार होकायंत्र आणि साखळी घेऊन ती रेघ जमिनीवर उतरवत गेले. दोनशे वर्षांनी तीच रेघ आकाशातून वाचली जातेय, एक बोट टेकवण्यापुरती.

एवढा पहारा ज्या खजिन्यावर, तो कोणाचा? पैज घेणाऱ्याचा. नेहमीच्या पैजेत 100 डॉलर जिंकायला 110 लावावे लागतात. म्हणजे निम्म्या वेळा अचूक ठरलात तरी खिसा हलकाच होणार. नुसती बरोबरी साधायला शंभरातल्या 52 हून अधिक पैजा जिंकायला हव्यात. म्हणूनच मिझुरीनं करातला काही भाग जुगाराच्या व्यसनातून सोडवण्यासाठी राखून ठेवलाय.

1 डिसेंबर 2025 उजाडला. तुम्ही पुन्हा त्याच पूर्वेच्या फुटपाथवर उभे. बोट टेकवलंत, पैज लागली. रस्ता ओलांडायचं कारणच उरलं नाही. म्हणजे वेस पुसली गेली? ओलांडून तर बघा! पलीकडे गेलात की अ‍ॅप तुम्हाला मिझुरीच्या वहीतून काढून कॅन्ससच्या वहीत घालतं. कराचा दर दोन्हीकडे दहा टक्केच, पण या फुटपाथवरचा करातला डॉलर मिझुरीच्या राजधानीच्या, जेफरसन सिटीच्या तिजोरीत जातो आणि त्या फुटपाथवरचा कॅन्ससच्या राजधानीच्या, टोपेकाच्या. नाकेवाला कुठेही गेलेला नाही. आधी तो माणूस अडवायचा, आता फक्त पावती कोणाच्या नावानं फाडायची ते ठरवतो.