काळोखाचा जीर्णोद्धार : ‘द थर्ड मॅन’ घरी पाहण्यापूर्वी

जुना कृष्णधवल चित्रपट ‘रिस्टोअर’ होऊन ब्लू-रेवर आला, की त्याची जाहिरात बहुधा एकाच शब्दावर उभी असते : लख्ख! ओरखडे गेले, डाग गेले, चित्र आरशासारखे झाले. एखाद्या संगीतपटाला ही स्तुती शोभेलही. पण ज्या चित्रपटाचा निम्मा आशय काळोखातच वसलेला आहे, तो ‘लख्ख’ करायचा म्हणजे नेमके काय करायचे? कॅरल रीड दिग्दर्शित ‘द थर्ड मॅन’ (१९४९) या ब्रिटिश चित्रपटाच्या जीर्णोद्धाराकडे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

‘न्वार’ म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. गुन्हा, संशय, विश्वासघात आणि तीव्र छायाप्रकाश यांनी घडलेल्या हॉलिवूडच्या चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी ‘फिल्म न्वार’ हे नाव दिले. ब्रिटनमध्ये याच वळणाच्या चित्रपटांना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वास्तवाची जोड मिळाली. बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या वस्त्या, रेशनची पुस्तके आणि सर्वत्र बोकाळलेला काळाबाजार हे तिथल्या प्रेक्षकाचे रोजचे जगणे होते. ‘ऑड मॅन आउट’, ‘इट ऑलवेज रेन्स ऑन संडे’, ‘ब्रायटन रॉक’ हे त्या काळातले चित्रपट याच मातीतले आहेत.

‘द थर्ड मॅन’ मात्र घडतो व्हिएन्नात. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार सत्तांनी वाटून घेतलेले हे शहर. स्वस्त कादंबऱ्या लिहिणारा होली मार्टिन्स आपल्या हॅरी लाइम या मित्राच्या बोलावण्यावरून तेथे पोचतो, तो थेट त्याच्या दफनविधीलाच. अपघाताच्या वेळी दोन माणसे हजर होती असे सर्व जण सांगतात. एक साक्षीदार मात्र तिसराही माणूस पाहिल्याचे सांगतो. या शोधाच्या पोटात भेसळयुक्त पेनिसिलिनचा व्यापार आणि त्यापायी बळी गेलेली मुले आहेत. पटकथा ग्रॅहम ग्रीन यांची. कान महोत्सवाचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार या चित्रपटाला मिळाला आणि १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केलेल्या उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत तो पहिला ठरला.

छायाचित्रकार रॉबर्ट क्रास्कर यांना या कामाबद्दल ऑस्कर मिळाले. रात्रीच्या चित्रीकरणाआधी दगडी रस्ते पाण्याने भिजवले गेले, जेणेकरून दिव्यांचा प्रकाश ओल्या दगडांवर चमकावा आणि भोवतीचा काळोख अधिक गडद भासावा. कॅमेरा अनेकदा मुद्दाम तिरपा धरलेला आहे. एका दारात कोणीतरी उभे आहे एवढेच दिसते. वरच्या खिडकीतला दिवा लागतो आणि एक चेहरा उजळतो. काळा रंग येथे खराखुरा काळा असेल, तरच तो क्षण अंगावर येतो. तो करडा पडला, तर दारातला माणूस आधीच दिसतो आणि दृश्यातली जादू संपते.

नेमके हेच जुन्या प्रतींमध्ये होत असते. फिल्मची प्रत, त्या प्रतीवरून पुढची प्रत असे होत गेले की प्रत्येक पायरीवर तपशील झिजतात. उजेड फटफटीत होतो आणि सावल्यांमधले बारकावे एकमेकांत मिसळतात. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्यांचा पहिला शोध असतो तो मूळ निगेटिव्हचा. ‘द थर्ड मॅन’ची मूळ निगेटिव्ह हाती नव्हती. तेव्हा २०१५ मध्ये स्टुडिओकॅनाल कंपनीसाठी झालेल्या कामात तिच्यापासून काढलेली फाइन ग्रेन मास्टर पॉझिटिव्ह, म्हणजे पुढील प्रती काढण्यासाठीच जपलेली सूक्ष्मकणी प्रत, आधाराला घेण्यात आली. तिचे फोर-के दर्जाचे स्कॅनिंग झाले. १०४ मिनिटांच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशेबाने सुमारे दीड लाख चौकटी होतात. त्यांवरील डाग, ओरखडे आणि थरथर दूर करत जायचे, हे काम केवळ यंत्रावर सोपवून भागत नाही.

कारण खरी कसोटी काय काढायचे याची नसून काय ठेवायचे याची असते. ओरखडा नंतर पडलेला असतो, तो जावा. फिल्मवर दिसणारे बारीक कण मात्र जन्मजात असतात. चित्र त्या कणांनीच बनलेले असते. संगणकाने ते पुसून टाकले, तर चित्र गुळगुळीत होते. पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कोटाचा पोत, भिंतीचा खडबडीतपणा हेही त्यांच्याबरोबर जाते. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना नक्षीदार लाकडी खांब काढून चकचकीत फरशी बसवल्याचे आपण पाहतो. देऊळ नवे होते. जुने मात्र उरत नाही. चित्रपटाचेही तसेच आहे.

दुसरा निर्णय याहून मोठा : जीर्णोद्धार कोणत्या चित्रपटाचा करायचा? ‘द थर्ड मॅन’ची दोन रूपे आहेत. निर्मात्यांपैकी डेव्हिड सेल्झनिक यांनी अमेरिकेसाठी चित्रपट सुमारे ११ मिनिटांनी कापला आणि आरंभीचे निवेदनही बदलले. ब्रिटिश आवृत्तीत ते खुद्द रीड यांच्या आवाजात आहे. काळ्याबाजाराची मिश्कील ओळख करून देणारा हा अनाम माणूस त्याच शहरात मुरलेला वाटतो. अमेरिकी आवृत्तीत तेथे नायकाची भूमिका करणाऱ्या जोसेफ कॉटन यांचा आवाज येतो. आरंभीच्या मोजक्या वाक्यांचा हा फरक. पण एका रूपात शहर स्वतःची कथा सांगते, तर दुसऱ्यात परका माणूस शहराची कथा सांगतो. २०१५ च्या कामात ब्रिटिश आवृत्ती निवडली गेली. डिस्क घेताना किंवा ओटीटीवर चित्रपट लावताना वेळ १०४ मिनिटे आहे की ९३, एवढे पाहिले तरी आपण कोणते रूप पाहणार ते कळते.

एवढे श्रम घेतलेले चित्र घरी पोचल्यावर आपला टीव्हीच ते बिघडवू शकतो. हा चित्रपट जवळजवळ चौकोनी आकारात चित्रित झालेला आहे. म्हणून रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवण्यासाठी चित्र ताणले तर माणसे बुटकी दिसतात. मोठे केले तर डोकी कापली जातात. दुकानात झगमगावे म्हणून दिलेला ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती चित्रपटात नसलेल्या चौकटी मधे घुसवते. शार्पनेस कमी करावा आणि खोलीतले दिवे मालवावेत. काळोख पाहण्यासाठी काळोखच लागतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. पणजीच्या इफ्फीत २०२३ मध्ये पुनर्संचयित चित्रपटांच्या विभागात आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) दाखवला गेला, तेव्हा मराठी प्रेक्षकालाही याची प्रचिती घेता आली. दुसरीकडे ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही आणि पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. जे जळाले त्याचा जीर्णोद्धार होऊ शकत नाही. जे उरले आहे, त्याचा एकदा चुकीचा जीर्णोद्धार झाला आणि तीच प्रत सर्वत्र पसरली, तर पुढच्या पिढीसाठी तोच ‘मूळ’ चित्रपट ठरतो.

म्हणून ‘रिस्टोअर केलेला’ हा शिक्का पाहून थांबू नये. कोणत्या प्रतीवरून, कोणते रूप, कणांसह की कणांविना, हे प्रश्न प्रेक्षकांनी विचारायला हवेत. ते विचारले जाऊ लागले, तर आपल्या जुन्या मराठी चित्रपटांवर काम करणाऱ्यांनाही उत्तरे तयार ठेवावी लागतील.