उत्क्रांती मानणं हाही एक धर्मच का?

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, डार्विन चुकीचा. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय? देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढलं. 'उत्क्रांती ही तुमचीही श्रद्धाच' हे मात्र अजून ऐकू येतं.

अंबरनाथ-बदलापूरकरांनो, फरक आपल्या दारातच पाहा: आपलं 1060 चं शिवमंदिर ज्या काळ्या पाषाणाचं आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच काळातल्या थरांत मुंबईत इवल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेननं 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. पुढे तो डार्विनचा कट्टर विरोधक झाला, तरी त्याचे बेडूक अभ्यासात राहिले. उद्या त्या थरांत माणसाची कवटी निघाली, तर उत्क्रांतीचा सिद्धांत मोडीत निघेल. धर्मग्रंथाला अशी अट कुणी घालत नाही. शिवाय उत्क्रांती मान्य करून महाशिवरात्रीला खुशाल रांगेत उभं राहता येतं.