आसवनीचा आकार शिवारातून ठरतो



साखरेच्या जोडीला आसवनी उभारायची म्हटले की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरची?" शेजारच्यांची तीस हजारांची, मग आपली साठ हजारांची का नको, असेही विचारले जाते. हा आकडा यंत्रे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकातून घ्यायचा नसतो. तो शेतकी खात्याच्या ऊस नोंदवहीतून निघतो. कसा, ते आम्ही येथे सांगत आहोत.

समजा, कारखाना रोज २,५०० टन गाळतो आणि हंगाम १६० दिवस चालतो. गाळप झाले ४ लाख टन. शंभर टन उसामागे साधारण साडेचार टन शेवटची, म्हणजे सी-हेवी मळी मिळते. ती झाली १८,००० टन. एका टनापासून सुमारे २२५ लिटर अल्कोहोल धरले, तर एकूण ४० लाख ५० हजार लिटर. रोज ३० हजार लिटरची आसवनी एवढ्यावर १३५ दिवस चालेल. साठ हजारांची बसवली तर सव्वादोन महिन्यांतच टाक्या कोरड्या! कर्जाचे व्याज मात्र बारा महिने धावते, आणि त्याचा भार शेवटी आपल्या ऊसबिलावरच पडतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते यासाठी.

बी-हेवी मळी किंवा रस वापरला तर अल्कोहोल वाढते, पण साखर घटते. शिवाय सरकारी धोरणही बदलते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने इथेनॉलसाठी उसाच्या रसाच्या वापरावर बंधने आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी ती उठविली. नुसत्या रसावर बेतलेला प्रकल्प अशा वर्षी अडचणीत येतो. म्हणून रस आणि मळी दोन्ही चालतील अशी रचना आराखड्यातच करून घ्यावी लागते.

आकार ठरला की तीन गोष्टी पाहायच्या. पहिली साठवण. हंगाम संपल्यावरही आसवनी चालवायची तर मळीला पोलादी टाक्या हव्यात. दुसरी वाफ. हंगामात कारखान्याच्या बॉयलरची वाफ मिळते. पुढे काय जाळणार, किती बगॅस शिल्लक राहणार, याचा हिशेब आधीच हवा. तिसरी सांडपाणी. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो ओढ्याला गेला तर विहिरी आपल्याच नासणार. तो आटवून बॉयलरमध्ये जाळण्याची किंवा प्रेसमडबरोबर खत करण्याची सोय, तिची जागा आणि तिचा खर्च मूळ नकाशात व अंदाजपत्रकात पाहिजे. मागाहून ठिगळ लावले तर ते महागात पडते.

आता सभासदांचे काम. या साऱ्या हिशेबाचा पाया म्हणजे आपण दिलेली लागणीची नोंद. तोड लवकर यावी म्हणून तारीख मागची सांगितली, एका एकराचा दीड एकर लिहविला, किंवा नोंद इथे आणि ऊस दुसरीकडे घातला, तर कागदावरचे ४ लाख टन प्रत्यक्षात साडेतीनच भरतात. मग इंजिनिअर कितीही हुशार असो, त्याचा आराखडा चुकणारच.

तेव्हा लागण असो वा खोडवा, क्षेत्र, जात व तारीख खरी नोंदवा. आणि प्रकल्पाचा विषय सभेत आला की किती लिटरची हे जरूर विचारा. पण त्याआधी, किती दिवस चालेल, हे विचारा.